पदव्युत्तर दंतवैद्यक अभ्यासक्रमातील चिकित्सालयीन संशोधनाचे नियोजन

पदव्युत्तर दंतवैद्यक अभ्यासक्रमातील चिकित्सालयीन संशोधनाचे नियोजन म्हणजे एमडीएस पदवीच्या प्रबंधासाठी रुग्णांवर करावयाच्या अभ्यासाची, पहिल्या रुग्णाची नोंद होण्यापूर्वी विद्यार्थ्याने केलेली लेखी आखणी होय. संशोधनाचा प्रश्न, अभ्यासाचा प्रकार, रुग्णांची निवड व संख्या, मोजमापाची पद्धत, संख्याशास्त्रीय विश्लेषण, नीतिविषयक मान्यता आणि वेळापत्रक या बाबी तिच्यात समाविष्ट असतात. हे निर्णय माहिती हाती येण्यापूर्वी घेतलेले असल्यामुळे, आलेल्या निष्कर्षांकडे पाहून प्रश्न किंवा निकष बदलण्यास आळा बसतो. रुग्णाने दिलेला वेळ व पत्करलेली गैरसोय वाया जाऊ नये, हाही नियोजनाचा हेतू असतो.

महाराष्ट्रात हे शिक्षण प्रामुख्याने महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक या १९९८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत व काही अभिमत विद्यापीठांत दिले जाते. सोलापूरजवळील केगाव येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालय हे अशा संलग्न महाविद्यालयांपैकी एक आहे. विडी व यंत्रमाग उद्योग, तंबाखूचे विविध प्रकारे होणारे सेवन, बहुभाषिक लोकवस्ती आणि हंगामी स्थलांतर यांमुळे सोलापूर जिल्ह्यात अशा संशोधनाच्या नियोजनाला काही विशेष प्रश्नांचा विचार करावा लागतो.

शैक्षणिक पार्श्वभूमी

भारतातील दंतवैद्यक शिक्षणाचे नियमन १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमानुसार स्थापन झालेल्या भारतीय दंत परिषदेकडे होते. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाची तरतूद केली. परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीनुसार एमडीएस हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून तो नऊ शाखांत विभागलेला आहे. मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रबंध पूर्ण करणे प्रत्येक विद्यार्थ्याला बंधनकारक असते. संशोधनपद्धती व जैवसंख्याशास्त्र यांचा पाया पहिल्या वर्षाच्या मूलभूत विषयांत घातला जातो.

‘सिनॉप्सिस’ या नावाने ओळखला जाणारा संशोधन आराखडा साधारणतः पहिल्या सहा महिन्यांत विद्यापीठाला सादर करावा लागतो आणि पूर्ण प्रबंध अंतिम परीक्षेच्या सुमारे सहा महिने आधी द्यावा लागतो. त्यामुळे तीन वर्षांपैकी प्रत्यक्ष कामासाठी जेमतेम दोन वर्षे उरतात. त्यातून विश्लेषण व लेखनाचा काळ वजा केल्यास रुग्णांची नोंदणी व पाठपुरावा यांसाठी सुमारे दीड वर्ष मिळते. शिवाय आराखडा तयार करण्याचा काळ हाच विभागातील कामाची ओळख होण्याचाही काळ असतो. चिकित्सालयात कोणत्या प्रकारचे रुग्ण किती संख्येने येतात याचा अंदाज येण्यापूर्वीच विषय ठरवावा लागणे ही या व्यवस्थेतील मूलभूत अडचण मानली जाते.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

मुखरोगांवरील संशोधनाची महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. सुपारीच्या सेवनाशी निगडित आणि तोंड उघडणे हळूहळू कमी करत नेणाऱ्या ओरल सबम्युकस फायब्रोसिस या विकाराचे वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांच्या संदर्भात केले. पाठोपाठ १९५३ मध्ये मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. काही रुग्णांच्या निरीक्षणातून नवा प्रश्न कसा निर्माण होतो, याचे हे उदाहरण आहे.

पुढील टप्पा लोकसंख्येवर आधारित अभ्यासांचा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे फली मेहता आणि डेन्मार्कचे मुखविकृतितज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग यांच्यासह काम करणाऱ्या गटाने १९६० च्या दशकात भारतातील ग्रामीण भागांत मुखकर्करोग व कर्करोगपूर्व विकारांची सर्वेक्षणे सुरू केली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीवर आधारित अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू वापरण्याच्या सवयींची नोंद आणि तोंडातील विकारांची तपासणी ठरावीक व्याख्यांनुसार केल्यामुळे सवय व विकार यांतील संबंध तपासणे शक्य झाले. पुढे याच परंपरेतील पी. सी. गुप्ता व सहकाऱ्यांनी सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांवर केलेला प्रतिबंधात्मक अभ्यास १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाशी संबंधित ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शीसह शेजारच्या परांडा व भूम या तालुक्यांचा समावेश असलेली ही भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी होय. याच रुग्णालयाच्या सहभागाने १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणी-तपासणीचा मोठा प्रयोग झाला. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. ग्रामसमूहांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने चार गटांत करण्यात आली. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा अशी रचना होती. एचपीव्ही विषाणूच्या तपासणीमुळे प्रगत कर्करोग व मृत्यू कमी झाल्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नियंत्रण गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे नीतिशास्त्रीय वाद झाला. हा अभ्यास दंतवैद्यकाचा नसला तरी यादृच्छिक विभागणीचे बळ आणि नियंत्रण गटाच्या निवडीतील नैतिक जबाबदारी या दोन्ही बाबी त्यातून स्पष्ट होतात.

संशोधनप्रश्नाची निवड

‘विडी कामगारांचे मौखिक आरोग्य’ हा विषय झाला, संशोधनप्रश्न नव्हे. कोणत्या व्यक्तींमध्ये, कोणत्या उपचाराचा किंवा कारणाचा, कशाच्या तुलनेत, कोणत्या फलितावर, किती काळात परिणाम होतो, हे सांगता आले की विषयाचे प्रश्नात रूपांतर होते. लोकसमूह, हस्तक्षेप, तुलना व फलित या चार घटकांची ही चौकट ‘पिको’ या नावाने ओळखली जाते. उदाहरणार्थ, ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिसच्या प्रौढ रुग्णांत औषधोपचारासोबत रोज जबड्याचे व्यायाम केल्यास, केवळ औषधोपचाराच्या तुलनेत, सहा महिन्यांनंतर तोंड उघडण्याच्या अंतरात अधिक वाढ होते का?’ हा तपासता येण्याजोगा प्रश्न आहे.

प्रश्नाची पारख करताना तो उपलब्ध वेळ, पैसा व रुग्णसंख्येत पूर्ण होण्याजोगा आहे का, औत्सुक्याचा व नवा आहे का, नीतीला धरून आहे का आणि रुग्णसेवेच्या दृष्टीने उपयुक्त आहे का, हे पाहिले जाते. नवेपणाचा अर्थ जगात कोणीही न केलेले काम असा होत नाही. वेगळ्या लोकसमूहात आधीच्या निष्कर्षाची काटेकोर पडताळणी करणे हेही योग्य संशोधन आहे. मात्र त्यासाठी उपलब्ध साहित्याचा शोध पद्धतशीरपणे घेतलेला असावा लागतो. मुख्य फलित एकच ठरवावे व इतर फलिते दुय्यम मानावीत असा संकेत आहे. दहा फलिते मोजून त्यांतील अनुकूल तेवढेच मांडल्यास योगायोगाने दिसलेला फरक खरा वाटण्याचा धोका वाढतो.

अभ्यासाचे प्रकार

प्रश्नाच्या स्वरूपावरून अभ्यासाचा प्रकार ठरतो. एखाद्या विकाराचे प्रमाण जाणून घ्यायचे असल्यास एककालिक सर्वेक्षण पुरेसे असते. कारणाचा शोध घेताना रुग्ण-नियंत्रण अभ्यास किंवा दीर्घकालीन समूह-अभ्यास केला जातो. दोन उपचारांची तुलना करण्यासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचणी अधिक विश्वासार्ह मानली जाते. एककालिक सर्वेक्षणात कारण आधी की परिणाम आधी हे सहसा ठरवता येत नाही. त्यामुळे अशा अभ्यासातून कारणमीमांसा मांडताना सावधगिरी बाळगावी लागते.

दंतवैद्यकात एकाच रुग्णाच्या तोंडाच्या दोन बाजूंवर दोन उपचार करून तुलना करण्याची पद्धतही प्रचलित आहे. रुग्णारुग्णांतील फरक त्यामुळे कमी होतात. मात्र एका बाजूच्या औषधाचा परिणाम लाळेवाटे दुसऱ्या बाजूवर होण्याची शक्यता असल्यास ही पद्धत अयोग्य ठरते. तसेच एकाच तोंडातील दात एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. ३० रुग्णांचे ६०० दात तपासले म्हणून नमुना ६०० चा होत नाही. विश्लेषणात रुग्ण हेच एकक मानावे लागते किंवा दातांतील परस्परसंबंध लक्षात घेणारी संख्याशास्त्रीय पद्धत वापरावी लागते.

रुग्णांची विभागणी कोणत्या क्रमाने होणार हे नोंदणी करणाऱ्या व्यक्तीला आधी कळू नये, यासाठी क्रमांकित व अपारदर्शक बंद पाकिटे वापरतात. कोणता उपचार मिळाला हे परीक्षकाला ठाऊक नसणे यास ‘अंधता’ म्हणतात. ती प्रत्येक वेळी साधतेच असे नाही. महाराष्ट्रातील अनेक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात. मिश्रीचे काळपट डाग दिसताच परीक्षकाला तंबाखूसेवक गट ओळखता येतो. अशा वेळी छायाचित्रे, क्ष-किरण प्रतिमा किंवा प्रयोगशाळेतील नमुने यांचे वाचन त्रयस्थाकडून करून घेण्याचा पर्याय आराखड्यातच नमूद करावा लागतो.

नमुन्याचा आकार

पुरेशा रुग्णांविना केलेला अभ्यास खरा फरक असूनही तो दाखवू शकत नाही. गरजेहून मोठ्या अभ्यासात अधिक रुग्णांना विनाकारण त्रास होतो. म्हणून नमुन्याचा आकार गणिताने ठरवला जातो. एखाद्या विकाराचे प्रमाण शोधताना अपेक्षित प्रमाण आणि मान्य असलेली चूक यांवरून संख्या निघते. प्रमाण २० टक्के अपेक्षित असून ५ टक्क्यांची चूक चालणार असेल, तर ९५ टक्के विश्वासपातळीला २४६ व्यक्ती लागतात. १० टक्के व्यक्ती प्रतिसाद देणार नाहीत असे धरल्यास २७४ जणांशी संपर्क साधावा लागतो.

दोन गटांच्या सरासरींची तुलना करताना अपेक्षित फरक व मोजमापातील विचरण महत्त्वाचे ठरते. वरील व्यायामाच्या उदाहरणात तोंड उघडण्याच्या अंतराचे प्रमाण विचलन ६ मिलिमीटर आणि उपयुक्त मानला जाणारा फरक ४ मिलिमीटर मानल्यास, ५ टक्के सार्थकतापातळी व ८० टक्के सामर्थ्यासाठी प्रत्येक गटात ३६ रुग्ण लागतात. पाचपैकी एक रुग्ण मध्येच सोडून जाईल असे धरल्यास ही संख्या ४५, म्हणजे दोन्ही गटांत मिळून ९० होते. फरक ४ ऐवजी २ मिलिमीटर धरला, तर गळती धरण्यापूर्वीच प्रत्येक गटात १४२ रुग्ण आवश्यक ठरतात. शोधायचा फरक निम्मा केला की नमुना सुमारे चौपट होतो. त्यामुळे कोणता फरक रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे हा गणिताचा नसून चिकित्सेचा प्रश्न असतो. सोयीची रुग्णसंख्या आधी ठरवून तिला साजेसा फरक गणितात घालणे ही गंभीर त्रुटी समजली जाते.

मोजमाप व परीक्षकाचे प्रमाणीकरण

दंतवैद्यकात मोजमापासाठी प्रमाणित निर्देशांक उपलब्ध आहेत. किडलेले, गमावलेले व भरलेले दात मोजण्याचा डीएमएफ निर्देशांक क्लाइन, पामर व नट्सन यांनी १९३८ मध्ये मांडला. हिरड्यांचा दाह मोजण्यासाठी लो व सिलनेस यांचा १९६३ चा आणि मौखिक स्वच्छतेसाठी ग्रीन व व्हर्मिलियन यांचा १९६४ चा सुलभ निर्देशांक वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मौखिक आरोग्य सर्वेक्षणविषयक पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये निघाली. सर्वेक्षणांसाठी तिच्यातील तपासणीपद्धत व नमुना तक्ते आधारभूत मानले जातात.

परीक्षक आपल्याच नोंदीशी किती सुसंगत राहतो, हे मुख्य कामापूर्वी काही रुग्णांची पुनर्तपासणी करून पाहतात. केवळ टक्केवारीतील सहमती दिशाभूल करू शकते. समजा १०० दातांच्या दोन तपासण्यांत ९० दातांबाबत एकमत झाले आणि दोन्ही वेळी ९० दात निरोगी ठरले. यांपैकी ८२ दातांबाबतचे एकमत केवळ योगायोगानेही अपेक्षित असते. योगायोगाचा वाटा वजा करणाऱ्या कोहेन यांच्या कापा गुणांकाचे मूल्य येथे सुमारे ०.४४ इतकेच येते. म्हणजे वरकरणी ९० टक्के दिसणारी सहमती प्रत्यक्षात मध्यम दर्जाची ठरते.

नैतिक मान्यता व माहितीपूर्ण संमती

मानवी सहभागाच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि जागतिक वैद्यकीय संघटनेचे १९६४ चे हेलसिंकी घोषणापत्र यांतून विकसित झाली. दंतवैद्यकाच्या इतिहासातही याचे उदाहरण आढळते. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४० च्या दशकापासून मतिमंद व्यक्तींना चिकट गोड पदार्थ देऊन दंतक्षय होतो का, याचे प्रयोग करण्यात आले. साखर कितीदा व कोणत्या रूपात खाल्ली जाते याचे महत्त्व त्यातून सिद्ध झाले, परंतु संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तींचे दात त्यासाठी किडवले गेले.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थात्मक नीतिसमितीची पूर्वमान्यता आवश्यक असते. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरील असावा लागतो, आणि तिच्यात सामान्य नागरिकांच्या प्रतिनिधीचाही समावेश असतो. नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ यांनी नीतिसमित्यांच्या नोंदणीची आणि शैक्षणिक चाचण्यांची स्वतंत्र तरतूद केली आहे.

संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. सोलापुरात मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड, हिंदी व उर्दू बोलणारे रुग्ण येतात. शहरातील विणकर व विडी कामगारांत तेलुगूभाषक मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे केवळ मराठी व इंग्रजी पत्रकांवर विसंबल्यास पात्र रुग्णांचा एक भाग वगळला जाण्याची किंवा न समजता सही करण्याची शक्यता राहते. भाषांतराचे दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत पुन्हा भाषांतर करून अर्थ तपासला जातो. निरक्षर व्यक्तीच्या बाबतीत निःपक्ष साक्षीदारासमोर माहिती वाचून दाखवून अंगठा घेतात. मुलांच्या अभ्यासात पालकांच्या संमतीसोबत सात वर्षांवरील मुलांचे तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलांचे लेखी अनुमोदन घेतले जाते.

महाविद्यालयीन चिकित्सालयात येणारा रुग्ण बहुधा कमी खर्चातील उपचारासाठी येतो आणि उपचार करणारा विद्यार्थीच संशोधक असतो. नकार दिल्यास उपचार मिळणार नाही अशी भीती रुग्णाला वाटू शकते. म्हणून नकार देऊनही नेहमीचा उपचार मिळेल आणि अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येईल, हे पत्रकात व बोलण्यातही स्पष्ट करावे लागते.

चाचणीची नोंदणी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र संस्थेत क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया ही सार्वजनिक नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून तेथे पूर्वलक्षी नव्हे, तर केवळ आगाऊ, म्हणजे पहिल्या सहभागीच्या नोंदीपूर्वी केलेलीच नोंदणी स्वीकारली जाते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनाही ती खुली आहे. मुख्य फलित, रुग्णसंख्या व निकष तेथे आधीच जाहीर झालेले असल्याने नंतर केलेले बदल वाचकाला तपासता येतात. आराखडा लिहिण्यासाठी ‘स्पिरिट’ आणि निष्कर्ष मांडण्यासाठी यादृच्छिक चाचण्यांत ‘कन्सॉर्ट’, तर निरीक्षणात्मक अभ्यासांत ‘स्ट्रोब’ या सूचिका वापरल्या जातात.

वेळापत्रक व स्थानिक परिस्थिती

वेळापत्रक रुग्णांच्या प्रत्यक्ष उपलब्धतेवर आधारलेले असावे लागते. चिकित्सालयात दरमहा १५ पात्र रुग्ण येत असतील आणि त्यांतील निम्मे सहभागी होत असतील, तर ९० रुग्णांच्या नोंदणीला एक वर्ष लागते. सहा महिन्यांचा पाठपुरावा धरल्यास शेवटच्या रुग्णाची अखेरची तपासणी दीड वर्षानंतर होते. म्हणजे उपलब्ध सर्व काळ संपतो आणि नीतिसमितीच्या मान्यतेस विलंब झाल्यास शिल्लक काहीच राहत नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या जुन्या नोंदी पाहून आणि थोड्या रुग्णांवर प्राथमिक चाचणी घेऊन हा अंदाज आधी पडताळता येतो.

सोलापूर जिल्ह्यात पाठपुराव्यावर ऋतुमानाचाही परिणाम होतो. जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी असून दिवाळीच्या सुमारास सुरू होणाऱ्या गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे ये-जा करतात. त्या काळात नोंदलेला रुग्ण उन्हाळ्यात सापडेलच असे नाही. आषाढी वारीच्या काळात पंढरपूर परिसरात आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजेच गड्ड्याच्या, काळात सोलापूर शहरात भेटींचे दिवस चुकण्याची शक्यता असते.

विडी कामगार स्त्रियांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तपासणीसाठी दिलेला अर्धा दिवस म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीतील घट असते. प्रवासखर्च व बुडालेल्या मजुरीची भरपाई देणे मार्गदर्शक तत्त्वांना मान्य आहे, मात्र ती रक्कम मोहात पाडण्याइतकी मोठी असू नये आणि नीतिसमितीने मंजूर केलेली असावी. तपासणी वस्तीजवळ किंवा माल जमा करण्याच्या ठिकाणी घेणे, शक्य तेथे संशोधनाची तपासणी नेहमीच्या उपचारभेटीतच करणे आणि संपर्कासाठी कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांक संमतीने घेणे, हे गळती कमी करण्याचे मार्ग आहेत. तपासणीत संशयास्पद डाग किंवा व्रण आढळल्यास रुग्णाला पुढील उपचारासाठी कोठे पाठवायचे, हेही आराखड्यात आधीच ठरलेले असावे लागते.

सामान्य त्रुटी

आराखड्यांच्या छाननीत काही त्रुटी वारंवार आढळतात. प्रश्नापेक्षा उपलब्ध यंत्र किंवा साहित्य पाहून विषय निवडणे, समावेशाचे निकष इतके कडक ठेवणे की रुग्णच मिळू नयेत, नमुन्याच्या गणितात वापरलेल्या अंकांचा आधार न देणे, मुख्य फलित न ठरवणे आणि सोडून गेलेल्या रुग्णांचा विचार विश्लेषणात न करणे, या त्यांपैकी प्रमुख होत. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला माहिती जमल्यानंतर घेण्याची पद्धतही आढळते. तोपर्यंत चुकीची रचना दुरुस्त करता येत नाही.

दोन उपचारांत फरक आढळला नाही म्हणून प्रबंध निरुपयोगी ठरत नाही. पुरेशा नमुन्यावर व काटेकोर पद्धतीने मिळालेला नकारात्मक निष्कर्षही उपयुक्त असतो, कारण त्यामुळे पुढील रुग्णांवरील अनावश्यक उपचार टळतात. काही कारणाने मूळ आराखड्यात बदल करावा लागल्यास तो नीतिसमितीच्या मान्यतेने करून प्रबंधात कारणासह नमूद करणे अपेक्षित असते.

हेसुद्धा पहा

दंतवैद्यक
मुखकर्करोग
जैवसंख्याशास्त्र
यादृच्छिक नियंत्रित चाचणी
हेलसिंकी घोषणापत्र
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
सोलापूर जिल्हा